हायासेच्या पुलावरचा दुसरा

"शिक्का घरी राहिला," असं मी कुसुमीला म्हणालो तेव्हा शिक्का माझ्या कमरेच्या बटव्यातच होता आणि बसल्या बसल्या मांडीला टोचत होता. सत्तावन्न वर्षांच्या माणसानं इतकं पोरकट खोटं बोलावं याचा मला तिथल्या तिथंच राग आला. कुसुमी साकुबेई हा कुराओच्या गडावरचा दप्तरी. वय तिशीचं, बोटं सदा शाईनं माखलेली, आणि जन्मात तलवार उपसली असेल ती गंज पुसण्यापुरती. त्यानं आलेलं पत्र समोर ठेवलं होतं, त्याचं उत्तर आधीच लिहून वाळवून ठेवलं होतं आणि लाल शाईची डबी उघडून माझ्याकडे सरकवली होती. "इताझूहून आलंय," तो म्हणाला. "या वयात तुमच्या पराक्रमाला वाटेकरी निघालाय, निरासावासाहेब. ऐका तर." मी ऐकलं. उगाई तोहाची नावाचा एक बिनधन्याचा म्हातारा इताझूच्या दरबारी भाला शिकवायची नोकरी मागतोय. त्याचं म्हणणं, तेहतीस वर्षांपूर्वी हायासेच्या पुलावर पहिला भाला त्याचा. जवळ कागद नाही, कारण त्याचा धनी त्याच लढाईत पडला आणि घराणंच बुडालं. साक्षीदार एकच, पुलावर त्याच्या मागे असलेला मुरोझुमींच्या पदरचा निरासावा जिन्नाई. त्या नावाचे एक गृहस्थ हल्ली आपल्याकडे आहेत असं कळतं, तरी त्यांना विचारून कळवावं. शेवटी एक ओळ होती, ती कुसुमीनं मजा म्हणून दोनदा वाचली. 'उगाई सांगतो की त्या गडबडीतही निरासावांनी आपलं नाव स्वच्छ सांगितलं, आणि आवाजावरून माणूस सरळ वाटला.' कुसुमी हसला. "भामटा आहे, पण नाव अचूक काढलंय बेट्यानं. आपण लिहिलंय, पहिला भाला आमच्या निरासावांचा, तशी दप्तरी नोंद आहे, असा कोणी उगाई त्यांना ठाऊक नाही. उद्या दुपारच्या आत शिक्का आणा, त्यांचा जासूद खोळंबलाय." मी बरं म्हणालो आणि उठलो. उठताना गुडघा वाजला, तर हा मला हात द्यायला धावला, आणि त्याचाही मला राग आला.

आणि भानगड अशी, की उगाई तोहाची खरं बोलत होता. गडाच्या पायऱ्या उतरताना, तांदळाच्या कोठारांमागून, कल्हईवाल्याच्या आळीतून घराकडे चालताना मी हेच वाक्य डोक्यात उलटसुलट करत होतो आणि प्रत्येक वेळी ते सरळच पडत होतं. हा माणूस जिवंत कसा राहिला? गोळी लागून, चिलखतासकट, ऐन थंडीतल्या पाण्यात पडलेला माणूस तेहतीस वर्षं जगतो, आणि जगतो तो जगतो, वर नोकरी मागायला जातो. गप्प एखाद्या खेड्यात मुळे लावत बसायला काय झालं होतं? ज्याचा भाला शत्रूच्या अंगाला सगळ्यात आधी लागला त्याचा पहिला भाला. मग त्यानंतर कोण लढलं, कोण मेलं, कुणी काय जिंकलं, काही राहत नाही, कागदावर तेवढा तो राहतो. माझे धनी पाच. पहिले आकुता, त्यांच्या पदरी मी पंधराव्या वर्षी लागलो, आणि ते कूच करता करता वाटेत पोट बिघडून गेले. दुसरे मुरोझुमी, हे मोठ्या लढाईत चुकीच्या बाजूला उभे राहिले आणि एका दुपारीत सगळं घालवून बसले. डोकं भादरून मठात जायच्या आधी त्यांनी आम्हा सगळ्यांना शाबासकीची पत्रं लिहून दिली, कारण देण्यासारखं त्यांच्याजवळ दुसरं उरलं नव्हतं. माझ्या पत्रात होतं, हायासेच्या पुलावर पहिला भाला. त्या पत्रावर मला तिसऱ्या धन्यांनी, तोनोएंनी ठेवून घेतलं. ते निपुत्रिक वारले, मुलूख खालसा झाला. त्याच पत्रावर चौथे, काशिवा. त्यांना बदलून निम्म्या मुलखावर पाठवलं, तर त्यांनी निम्मी माणसं सोडली, आणि चाळिशीच्या वरचे आधी. त्याच पत्रावर पाचवे, आताचे. त्यांचं वय बावीस, त्यांच्याकडे चिनीमातीच्या एकशे चाळीस कुंड्यांत चहाच्या जातीची फुलझाडं आहेत, आणि नव्या वर्षाच्या जेवणाला ते मला दरसाल पुलाची गोष्ट सांगायला लावतात. मी अकरा लढाया लढलो. तोनोएंच्या वेळी कोठाराच्या मागच्या दारात धुरामध्ये मी एकटा तिघांना थोपवून धरलं, आतून अडसर पडेपर्यंत. हे मी नंतर सांगितलं तेव्हा दप्तऱ्यानं विचारलं, साक्षी? मी म्हणालो, एक घोडी होती. सगळे हसले आणि विषय संपला. जे मी केलं ते कुणाला नको, आणि जे मी केलं नाही ते तीन दरबारांत जेवणाबरोबर वाढलं जातं. यात मी कुणाला शिव्या द्यायच्या ते मला आजवर कळलेलं नाही.

मी ते ठरवून केलं असतं तर गोष्ट वेगळी. पुलाच्या फळ्या शत्रूनं आदल्या दिवशीच उचकटून नेल्या होत्या, नुसत्या तुळया राहिल्या होत्या, त्याही दवानं बुळबुळीत. पहाटेचं धुकं इतकं, की स्वतःच्या भाल्याचं टोक दिसत नव्हतं. एका तुळईवर मी रांगतच चढलो तेव्हा माझ्यापुढे तीनेक हातांवर एक जण आधीच उभा चालत होता. लढाईत ओळखू यावं म्हणून पाठीवर कुणी निशाण बांधतं, कुणी पंखा, कुणी शिंग. यानं भात वाढायचा लाकडी डाव बांधला होता, माणसाच्या छातीएवढा. डावाला वरपासून मधोमध चीर गेली होती आणि ती तांबड्या दोऱ्याच्या तीन वेढ्यांनी आवळली होती. मला त्या वेळी दुसरं काहीच दिसत नव्हतं, तर मी त्या डावाकडे बघत पाय टाकत गेलो. अर्ध्या पुलावर तो मान न वळवता ओरडला, "मागे कोण आहे? मी उगाई तोहाची. माझं तू सांग, तुझं मी सांगतो." असं करायची रीतच होती. मेला तर एकाचं दुसऱ्यानं सांगायचं, नाहीतर कुणी केलं आणि कुणी नाही हे धुक्यात कोण बघतो. मी नाव सांगितलं, धन्याचं नाव सांगितलं. मग त्यानं पलीकडच्या काठावर पाय टाकला, धुक्यात एक माणूस विव्हळला, म्हणजे भाला लागला होता. लगोलग बार झाला आणि डाव तिरपा होऊन खाली गेला. पाणी वाजलं. मी काठावर उडी टाकली, समोर दिसेल त्याला भोसकलं, आणि मागून आपले लोक येईतोवर तिथं उभा मी एकटाच होतो. संध्याकाळी पहिला भाला कुणाचा ते विचारायला लागले. मी दोन दिवसांचा उपाशी. माझ्या हातात भाताचा गोळा होता, तोंडात त्याचा अर्धा. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, हाच, हाच होता पुढे. मी मान हलवली नाही, हो म्हणालो नाही. घास गिळून बोलणार होतो. घास गिळेपर्यंत दप्तऱ्यानं लिहिलं होतं. आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं. पुढे वर्षभर मी रोज ठरवायचो की आज सांगू, आणि रोज वाटायचं की मेलेल्या माणसाला त्याचं काय, मग मुरोझुमीच बुडाले आणि सांगायला कुणी राहिलं नाही. एवढं कारण एखाद्याला पुरलं असतं. मला नेमकं पुरत नव्हतं, आणि पुरत नाही हे जाणवून मी आणखी चिडायचो.

घरी ओसरीवर ओकिसा पर्सिमनची फळं सोलत बसली होती, वाळवून माळा करायच्या होत्या. मी तिच्याशी आधी सुरीवरून भांडलो. सुरी बोथट आहे, तिला धार लावायला कुणी का देत नाही, या घरात सगळं मीच बघायचं का. ती सोलतच राहिली. मग मी पायातलं नीट न काढता तसाच कडेला बसलो आणि तिला सगळं सांगितलं, पत्र, कुसुमी, उगाई, डाव, भाताचा घास. एकतीस वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते चार फळं सोलून होईतो सांगून झालं. ती म्हणाली, "बरं."

"बरं काय, अगं? मी काय सांगितलं ते ऐकलंस का?"

"ऐकलं. मला ठाऊक होतं."

तिनं साल एका लांब फितीत उतरवून टोपलीत टाकली. "तुम्ही ती गोष्ट सांगताना दर वेळी त्या डावावर लोकांना हसवता. असला एक येडा माझ्या मागून येत होता म्हणून. त्या डावाला चीर कुठून कुठे होती, दोरा कुठल्या रंगाचा होता, वेढे किती. डाव पाठीला बांधतात ना?"

"मग?"

"मग मागून येणाऱ्याची पाठ तुम्हाला कशी हो दिसली?"

कल्हईवाल्याच्या आळीतून भात्याचा आवाज येत होता तो मला तेव्हा फार मोठा वाटला. मी विचारलं, "कधीपासून ठाऊक आहे?" ती म्हणाली, "तोनोएंच्या घरी तुम्ही पहिल्यांदा सांगितलीत तेव्हापासून. आपलं लग्न होऊन चौथं वर्ष." मी म्हणालो, "आणि तू बोलली नाहीस." तर म्हणे, "तुम्ही विचारलं नाहीत." या बाईनं सत्तावीस वर्षं, धनी बदलतील तशी भांडीकुंडी बांधून माझ्यामागून यावं, माझी गोष्ट पाठ व्हावी इतक्यांदा ऐकावी, आणि आत हे घेऊन बसावं. मला तिच्या शहाणपणाचा संताप आला, मग शरम वाटली, मग भलतीच शंका आली. तिला कळलं तर आणखी कुणाला कळलं नसेल कशावरून? तोनोए ऐकताना भुवई वर करायचे ते काय म्हणून? काशिवांनी एकदा ती दोऱ्याची गोष्ट मुद्दाम पुन्हा सांगायला लावली होती. एकेक जेवण, एकेक चेहरा आठवत मी ओसरीवर बसून राहिलो, आणि प्रत्येक चेहरा आता मला हसताना दिसायला लागला. "मी काय करू?" असं मी शेवटी विचारलं. ओकिसा म्हणाली, "मला काय विचारता? पाच धनी केलेत, ते मला विचारून केलेत का? करायचं ते करा, पण त्या माणसाचं नाव घेऊन आता हसू नका." तिनं कधी नव्हे तो आवाज चढवला होता आणि त्यामुळे सुरी तिच्या अंगठ्याला लागली. मी चिंधी शोधायला आत गेलो आणि कुठे काय ठेवतात ते मला सापडेना.

इओरी कामावरून आला तो चिखलाचे पाय धुवायच्या आतच आईनं त्याला सांगितलं. माझा मुलगा पाटबंधाऱ्यावर आहे, पाणी मोजतो. त्याला दोन मुली आहेत. मी आता निवृत्त होऊन माझी जागा त्याला मिळावी म्हणून महिन्याभरापूर्वी अर्ज दिला होता, आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत हायासेचा पूल होता. तो जेवताना लोणच्याचा मुळा कुरकुर चावत होता. मग वाडगं खाली ठेवून म्हणाला, "बाबा, तुम्ही पुलावर नव्हताच असं तर नाही ना. होता. तीन हात मागे होता. तीन हातांसाठी माझ्या मुलींना रस्त्यावर आणणार?"

"मी अजून काही केलेलं नाही."

"तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. शिक्का मारा. तो माणूस कोण, कुठला, उद्या मरेलही. आम्ही इथं आहोत." थोड्या वेळानं जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मला रोज बांधावर लोक म्हणतात, पहिल्या भाल्याचा मुलगा पाणी मोजतो. मला ते कधी आवडलं नाही. पण आता ते नको म्हणायची माझी ऐपत नाही." त्याचं काहीच चूक नव्हतं. घरातलं प्रत्येक माणूस बरोबर बोलत होतं आणि त्यामुळे माझ्या डोक्यात तिडीक उठत होती. निदान एकानं तरी मूर्खासारखं बोलावं, म्हणजे मला त्याच्यावर ओरडता आलं असतं.

सकाळी मी गडावर गेलो आणि कुसुमीला सांगून टाकलं. चांगलं उभं राहून सांगितलं, वेळ न घालवता. पहिला भाला उगाईचा, मी मागे होतो, तेहतीस वर्षं मी खोटं बोललो, उत्तर फाडा आणि तसं लिहा. मला वाटलं होतं, याचा चेहरा पडेल, धावपळ होईल, मला चौकीत बसवतील. कुसुमी नुसता डोळे मिचकावत राहिला. मग "बसा, बसा," म्हणाला आणि थोरले कारभारी वाकुरी यांना बोलावून आणलं. वाकुरी माझ्याहून चार वर्षांनी मोठे, त्यांनी माझं सगळं डोळे मिटून ऐकलं, आणि डोळे उघडले तेव्हा ते ओलसर होते. मला वाटलं, कळलं एकदाचं यांना. ते कुसुमीकडे वळून म्हणाले, "बघितलंस? शिक काहीतरी. समोरचा उपाशी आहे, म्हातारा आहे, एका नोकरीचा प्रश्न आहे, तर हा माणूस आपला जन्माचा पराक्रम उचलून त्याला देऊन टाकतोय. आता होत नाहीत असली माणसं."

मी म्हणालो, "कारभारीसाहेब, मी देत नाहीये. ते त्याचंच आहे."

"विनय," वाकुरी कुसुमीला म्हणाले.

"विनय नाही. मी खोटारडा आहे. मी चोर आहे. त्या वेळी माझ्या तोंडात भात होता म्हणून मी बोललो नाही."

"ऐक, ऐक, कसं रचून सांगतोय," वाकुरी म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आवाज चढवला. मी त्यांना डाव सांगितला, चीर सांगितली, पाठ सांगितली. जितकं बारीक सांगावं तितके ते हळवे होत गेले. मुरोझुमींचं पत्र दप्तरात आहे, त्यावर त्यांची सही आहे, त्यावर पुढच्या तीन धन्यांनी भरवसा ठेवलाय, आणि आपले धनी दरसाल पाहुण्यांना ते सांगतात. एवढ्या मोठ्या माणसांच्या हातून चूक झाली असं म्हणायचं का तुम्हाला, असं त्यांनी मला अगदी प्रेमानं विचारलं. मग कुसुमीनं उत्तराच्या कागदाखाली आणखी दोन ओळी लिहिल्या, की निरासावांनी उदार मनानं आपला मान सदर गरजूला देऊ केला, परंतु दप्तराच्या सत्यापुढे आम्ही त्यास संमती देऊ शकत नाही. माझा शिक्काही लागला नाही. वाकुरींनी स्वतःचा मारला. वर ते म्हणाले, "याच्या मुलाचा वारशाचा अर्ज पडून आहे ना? आण इकडे. असल्या बापाच्या मुलाला थांबवायचं कशाला?" आणि तोही शिक्का पडला. माझ्या डोळ्यांदेखत मी खरं बोलल्याबद्दल माझ्या खोट्याला बक्षीस मिळालं, आणि उगाईला काल जे मिळणार नव्हतं ते आज दोन ओळी जास्त मिळणार नव्हतं. लढाईत इतकं हतबल मला कधी वाटलं नाही. तिथं निदान समोरचा तुमच्यावर चालून येतो.

इताझूचा जासूद दारातच बसला होता, मधल्या वयाचा, पायाला फोड आलेला, वैतागलेला माणूस. कुसुमीनं त्याला उत्तराची लाखबंद पेटी दिली, ती त्यानं गळ्यात अडकवली. फाटकापाशी मी त्याला गाठलं आणि म्हणालो, पेटीत काय लिहिलंय ते सोड, तुझ्या लोकांना तोंडी असं असं सांग. तो म्हणाला, "मला पेटी न्यायला पाठवलंय, साहेब. तोंडी सांगितलं तर माझीच चौकशी लागेल." मग पायाला चिंधी गुंडाळत पुटपुटला, "आधीच त्या म्हाताऱ्यानं जीव खाल्लाय. दोन दिवसांच्या वाटेला चार दिवस लागले त्याच्यापायी."

"कुणापायी?"

"उगाई. ऐकेचना, मी येतो म्हणून बरोबर निघाला. परवाना नाही म्हणून त्याला हद्दीच्या खांबाजवळ चहाच्या टपरीवर बसवून आलोय."

मी त्याच्याबरोबर निघालो. हद्दीपर्यंत जायला परवाना लागत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. वाटेत भात कापून झालेली खाचरं होती, पेंढ्या उलट्या टांगलेल्या होत्या, आणि मी सबंध वाटभर त्या म्हाताऱ्याशी मनातल्या मनात भांडत होतो. नोकरी मागायला जायच्या आधी मला विचारायचं होतंस. आवाजावरून माणूस सरळ वाटला म्हणे. धुक्यातल्या एका ओरडण्यावरून तू माणूस ओळखतोस? मग टपरीच्या बाकावर तो दिसला. लहानखुरा, दात नसलेला, उजवा पाय समोर लाकडासारखा ताठ धरून बसलेला, काडीला टोचलेले तांदळाचे लाडू चघळत. मी नाव सांगितलं. तो काठी धरून उठायला लागला तर मीच घाईनं बसलो, म्हणजे त्याला उठावं लागू नये.

"उत्तर मिळालं म्हणे," तो म्हणाला. "ते राहू दे. मला तुम्हाला एकच विचारायचंय, म्हणून आलो. मी खरंच पुढे होतो का हो?"

"म्हणजे काय?"

"तेहतीस वर्षं सांगतोय मी. कोळ्यांनी मला खाली दोन कोसांवर बाहेर काढलं, तेव्हापासून. कुणाला पटत नाही. बायको शेवटी म्हणाली, पाण्यात डोकं आपटलं असेल तुमचं, तेव्हा स्वप्न पडलं असेल. ती तशीच गेली. आता गेली दोन वर्षं मलाही वाटायला लागलंय, पडलं असेल स्वप्न. म्हणून म्हटलं, मागचा माणूस जिवंत असेल तर त्याला विचारावं. नोकरीच्या निमित्तानं निदान पत्र तरी जाईल."

मी म्हणालो, "तुम्हीच पुढे होता. मी तीन हात मागे होतो. तुमचा भाला लागला, मी ऐकला."

त्यानं हातातला लाडू खाली ठेवला. बराच वेळ तो खाचरांकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, बायकोशी बोलत असावा. मग तो मला वाकून नमस्कार करायला लागला, आणि ते मला सोसलं नाही. "थांबा," मी म्हणालो. "या पेटीत खोटं लिहिलंय. पहिला भाला मी माझ्या नावावर लावलाय. तिघा धन्यांकडे त्याच्यावर जगलोय. बायको, मुलगा, नाती, सगळ्यांनी तुमचंच खाल्लंय."

त्यानं शिव्या दिल्या असत्या, काठी उगारली असती, तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "तिघांकडे?"

"तिघांकडे."

"मग कुणाच्या तरी पोटात गेलं म्हणायचं," तो म्हणाला. "मला वाटत होतं, सगळं पाण्यातच गेलं." आणि त्यानं लाडवाची काडी माझ्यापुढे केली.

मी तिला हात लावला नाही. हा माणूस मला माफ करत होता, आणि चार दिवसांनी त्याच्याबरोबर चालत गेलेली ती पेटी इताझूत उघडली जाणार होती, तिथल्या कुठल्यातरी कुसुमीच्या तोंडून त्याला भामटा म्हणवून घ्यायला लागणार होतं. माझा शब्द कागदावर गेला की त्याचं काय होतं ते मी सकाळीच बघितलं होतं. उभा राहून, लोकांच्या तोंडावर, पुन्हा पुन्हा सांगायचं, त्यांना वैताग येईपर्यंत सांगायचं, एवढंच उरलं होतं. वैताग द्यायला मी कुणाला हार जायचा नाही. पलीकडे हद्दीचा खांब होता. परवान्याशिवाय तो ओलांडला की मी पळालेला माणूस, आणि पळालेल्याच्या मुलाचा वारसा कागदावर किती दिवस टिकतो ते मला चांगलं ठाऊक होतं. इओरी मला माफ करणार नाही. त्यानं करूही नये. मी खूप वेळ बसलो असेन, कारण टपरीवालीनं दोनदा चहा हवा का विचारलं. मग मी उठलो आणि उगाईला काखेत हात घालून उठवलं. त्याचं वजन काहीच नव्हतं.

जासूद घाबरून म्हणाला, "साहेब, तुम्ही कुठे? तुम्हाला परवाना नाही. इताझूच्या वेशीवर मला विचारतील, हे कुणाच्या पदरचे म्हणून. काय सांगू मी?"

"कुणाच्याच नाही म्हणून सांग," मी म्हणालो. "एवढं तरी त्यांना पटेल." आणि मी खांब ओलांडला.